होन्नगुड्ड्यातली वटवाघळं

२० जानेवारी १९०९, म्हैसूर

उद्या सकाळी बैलगाडी निघणार. कोट्यापर्यंत दीड दिवस, तिथून रानातून आणखी एक दिवस, मग होन्नगुड्डे. अक्काने चटणीपुडी आणि अवलक्की, म्हणजे पोहे, बांधून दिले आहेत. माझी कस लावायची पेटी, भिंग, हातोडी, पिशव्या, लाख, सगळं भरून झालं.

ही वही काढली ती एवढ्यासाठी, की मला भीती वाटते आहे आणि ते कुणाला सांगता येत नाही. वय एकोणतीस, शाळेत मुलांना रसायन शिकवतो, आणि विहिरीत वाकून पाहायचं झालं तरी कठडा सोडवत नाही. तिकडे तर ऐंशी फूट खाली उतरायचं आहे. भावजींना सांगावं असं तीनदा मनात आलं, तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोललो.

भावजी म्हणजे अक्काचे यजमान, पद्मनाभ. आमचे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. भावजींनी मला आपल्या घरी आणलं, मुंज राहिली होती ती लावली, पुढे मद्रासला शिकायला धाडलं. ते तरुणपणी होन्नगुड्ड्याच्या सोन्याच्या खाणीत, गोऱ्यांच्या कंपनीत, कोठारावर कारकून होते. खाण बंद पडून बारा वर्षं झाली. भावजींचं म्हणणं, गोरे घाईने गेले आणि सोन्याची एक शीर तशीच राहिली. म्हैसूरच्या रिसाल्यातल्या निवृत्त लोकांकडून पैसा गोळा करून भावजींना नवी कंपनी उभी करायची आहे. मी दगडाचे नमुने काढायचे, कस लावायचा आणि दाखल्यावर सही करायची.

"माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार रे?" ते हसून म्हणाले. "मी हवेत बंगले बांधणारा. तुझी सही असली की सुभेदार मानाजीराव डोळे मिटून हो म्हणतील."

अशा माणसाला नाही कसं म्हणू?

२३ जानेवारी, होन्नगुड्डे

पोचलो. हे गाव नव्हे, गावाचा सांगाडा आहे.

एके काळी इथे चार हजार माणसं होती. आज चाळीससुद्धा नसतील. एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना पत्रे उडालेल्या चाळी. भावजी गाडीतून हात करकरून दाखवत होते. इथे गोऱ्यांचा बँड वाजायचा. इथे नाटकाचा तंबू. इथे इटालियन मुकादमाने अस्वल पाळलं होतं, ते एकदा पगाराच्या दिवशी खिडकीतून कचेरीत आलं. हे न्हाव्याचं दुकान. खाणीतले मजूर केसांत सोन्याची धूळ लपवून आणायचे, म्हणून कंपनीने हुकूम काढला की कापलेले केस न्हाव्याने कंपनीतच जमा करायचे. हे सांगताना भावजी विशीतले वाटत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

मी हसत होतो, पण लक्ष जमिनीकडे होतं. जिथे तिथे बुजवलेली, अर्धी बुजवलेली, मुळीच न बुजवलेली विवरं. कडेला गवत वाढलेलं. परवाच एक म्हैस पडली म्हणे. दोन दिवस हंबरत होती.

आम्ही जुन्या डॉक्टरच्या बंगल्यात उतरलो आहोत. समोर साहेबांचा क्लब. त्याच्या बिलियर्डच्या टेबलावर शेळ्या बसतात. शेळ्यांची मालकीण वनजम्मा, साठीची, कपाळाला मोठं कुंकू. तिने दारातून आम्हांला पाहिलं आणि भावजींना पाहताच आत निघून गेली. भावजी म्हणाले, "डोक्याने हलली आहे. तिच्याशी बोलू नकोस."

२५ जानेवारी

उतरलो. जिवंत वर आलो. 

मोठी खाण पाण्याने भरली आहे, म्हणून टेकडीमागच्या जुन्या शाफ्टमधून जायचं ठरलं. शाफ्ट म्हणजे सरळ खाली गेलेलं विवर. तोंडावर रहाट, दोराला लोखंडी बादली, बादलीत माणूस. रहाट फिरवायला दोन कूली, भीमसेन आणि त्याचा भाऊ.

भावजी आधी एकटे उतरले, छऱ्याची बंदूक घेऊन. भावजींच्या हातात बंदूक मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. घरात झुरळ मारायलासुद्धा ते अक्काला हाक मारतात. म्हणाले, "खाली वटवाघळं आहेत. तुझ्या तोंडावर आली तर तू भिशील. आधी मी हाकलतो."

म्हणजे माझी भीती त्यांना ठाऊक होती, आणि ते एका शब्दाने बोलले नव्हते. मला भरून आलं.

खालून दोन बार झाले, मग आणखी दोन. पायाखालची जमीन घुमली. मी तोंडाशी बसून वटवाघळं उडण्याची वाट पाहत होतो. एकही वर आलं नाही. आणखी आत पळाली असतील.

मग माझी पाळी. डोळे मिटून बसलो. वरचं आकाश ताटाएवढं झालं, वाटीएवढं झालं. तळाला पोचलो तेव्हा बंदुकीच्या दारूचा वास आणि धूर. बोगदा वाकून जाण्याइतका. भावजी कंदील धरून पुढे. "इथे," ते म्हणाले, "ही पांढऱ्या गारेची शीर. इथेच फोड." मी त्यांच्या हातातला कंदील जवळ ओढला. गारगोटीवर पिवळे बारीक कण चमकत होते. नुसत्या डोळ्यांना दिसणारे!

बारा पिशव्या भरल्या, लाखेने मोहोर केली. वर येईपर्यंत रामरक्षा सात वेळा झाली.

२६ जानेवारी

परत उतरलो. बार, धूर, बारा पिशव्या. आज दोर मध्येच अडकला आणि मी अधांतरी लोंबकळत राहिलो. लिहायची शक्ती नाही.

२८ जानेवारी

वनजम्मा आज दुपारी ताक घेऊन आली. भावजी कोट्याला गेले होते. परत पाठवणं बरं दिसेना.

बाई बोलायला लागली आणि मी थक्क झालो. सुंदर मराठी, पण नाटकातली! "महाराज, या दासीचं ताक गोड करून घ्यावं." आमच्याकडचीच कुणीतरी असेल असं वाटलं, तर ती हासनची. उत्तरेच्या मराठी मुलखातून आलेल्या नाटक कंपनीत ती लहानपणापासून होती. कंपनी होन्नगुड्ड्याला तीन खेळ करायला आली. मजुरांनी रंगमंचावर फुलांऐवजी सोनं चमकणारे गारेचे तुकडे फेकले, तीनाचे तीस खेळ झाले, आणि एके दिवशी व्यवस्थापक गल्ल्याची पेटी घेऊन पळाला. नटमंडळी पांगली. ही राहिली. "इथे राण्या झाले, दासी झाले, आता शेळ्यांची माता," म्हणाली आणि खो खो हसली. नंतर एकदम कन्नडात: "स्वामी, ती बंदूक कशाला?"

"वटवाघळांसाठी."

"अय्यो! त्या शाफ्टात कुठली वटवाघळं? हवा कोंडते तिथे. वटवाघळं सगळी क्लबाच्या माळ्यावर. या, दाखवते."

तिने खरंच नेलं. माळ्याच्या तुळया काळ्या दिसत होत्या त्या वटवाघळांनी. मी मागच्या मागे पळालो.

पायरीवर ती म्हणाली, "शेवटच्या दोन वर्षांत या डोंगरातून दात भरायलाही सोनं निघालं नाही. तुमच्या भावजींना विचारा. कोठाराची चावी त्यांच्याकडेच होती."

भावजी म्हणाले ते बरोबर. डोक्याने हललेली आहे. तिला आम्ही इथे नको आहोत, क्लब हातचा जाईल म्हणून. उगाच तिच्याशी बोललो.

३० जानेवारी

आज खाली जायचं नव्हतं. एक पिशवी उघडून भिंगाखाली पाहिली. नियमाने म्हैसूरला जाऊन उघडायची, पण राहवलं नाही.

टिपून ठेवतो. एक: सोन्याचे कण दगडाच्या फक्त वरच्या अंगाला आहेत. दगड फोडला तर आत नुसती पांढरी गार. दोन: कण गोल किंवा वेडेवाकडे नाहीत. सुतार रंधा मारतो तेव्हा निघतात तशा बारीक वळलेल्या चकत्या, आणि त्यांवर एकासारखे एक चरे. तीन: दगडात शिशाचे दोन ठिपके चिकटले आहेत.

शिसं बंदुकीचं, उघड आहे. चरे बहुधा जुन्या मजुरांच्या पहारीने पडले असतील. पहारीने एवढे बारीक चरे पडतात का, मला माहीत नाही. मी पुस्तकी माणूस. भावजींना विचारीन.

विचारलं नाही. ते दार लावून आत काडतुसं भरत बसले होते. दारावर टकटक करायला हात उचलला आणि का कोण जाणे, खाली घेतला.

३१ जानेवारी

कोट्याहून टपालवाला आला. अक्काचं पत्र. मुलांची खुशाली, धाकटीचा खोकला बरा आहे, चिदंबरने पाटी फोडली. आणि शेवटी: "तुझ्या भावजींना आठवण कर. संक्रांतीआधी माझ्या पाटल्या नवी घडण करायला म्हणून नेल्या. काल मी सोनाराकडे माणूस पाठवला तर तो म्हणतो माझ्याकडे आल्याच नाहीत. कुणाकडे दिल्या ते विचारून लिही."

अक्काच्या पाटल्या. कानस. चरे.

पुढे लिहीत नाही. लिहिलं की ते खरं होईल.

१ फेब्रुवारी

जेवताना विचारलं, "अक्का पाटल्यांचं विचारते आहे." भावजींचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "बायकांना दुसरं काय सुचतं!" आणि माझ्या पानात तूप वाढलं. आग्रहाने, लहानपणी वाढायचे तसं.

संध्याकाळी दाखल्याचा कागद पुढे ठेवला. सुवाच्य अक्षरात सगळं लिहून तयार. होन्नगुड्ड्याच्या शिरेत सोनं विपुल आहे, मी स्वतः नमुने घेतले, मी स्वतः कस लावला. कस अजून लावलेला नाही. मी म्हणालो, "उद्या एकदाच खाली जाऊ. दुसऱ्या जागेचा नमुना घेतो, मग करतो सही." आणि उठता उठता तोंडातून गेलं, "उद्या बंदूक नको, भावजी. वटवाघळांची मला आता भीती वाटत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "सरी, ठीक आहे. जशी तुझी मर्जी."

त्यांना कळलं. मला कळलं आहे हे त्यांना कळलं. मी उद्या का उतरतो आहे? गाडी जोडून म्हैसूरला का पळत नाही? कारण एका जागी बार न होता सोनं सापडलं, एक कण जरी, तरी भावजी खरे ठरतील. तेवढ्यासाठी.

३ फेब्रुवारी, गाडीत, कोट्याच्या वाटेवर

काल लिहिता आलं नाही. आज गाडी हलते आहे, तरी लिहितो. भावजी समोर झोपले आहेत.

काल सकाळी नऊच्या सुमारास कूलींनी मला खाली सोडलं. मी बोगद्यात वीस पावलं आत गेलो, तीन ठिकाणी गार फोडली. काही नाही. आरपार पांढरी. परत शाफ्टच्या तळाशी आलो तर बादली नव्हती. वर पाहिलं. ती वाटीएवढ्या उजेडात वर वर जात होती.

"भीमसेन!" मी ओरडलो.

"कूलींना लाकडं आणायला धाडलंय." भावजींचा आवाज. विवरातून आवाज फार स्पष्ट येतो, कानाशी बोलल्यासारखा. "व्यास, काय मिळालं?"

"काही नाही. मला वर घ्या."

"खोल आहे रे सोनं. आणखी दीडशे फूट खाली. माझी खात्री आहे, बारा वर्षं आहे. पण यंत्रं आणल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि सोनं पाहिल्याशिवाय लोक यंत्रांना पैसा सोडत नाहीत. म्हणून थोडं दाखवायचं. एवढंच. वर्षभरात सगळं खरं होईल."

"अक्काच्या पाटल्या..."

"तिला दुप्पट करून देईन."

"मला वर घ्या, भावजी."

बादली खाली येऊ लागली. मी धावलो, तिला मिठी मारली. आत माणसाची जागा होती, पण दोर सैल. मी चढलो असतो तरी ओढलं नसतं कुणी. बादलीच्या तळाला दगडाखाली दाबलेला कागद होता. तोच दाखला. आणि पेन्सिल.

"सही कर, राजा. वर पाठव. मग तुला घेतो."

राजा! ताप यायचा तेव्हा ते मला राजा म्हणायचे.

मी बसलो. हवा जड झाली होती. कंदिलाची ज्योत लहान झाली, का मला तसं वाटलं? भिंतीतून पाणी टिपकत होतं. ती म्हैस दोन दिवस हंबरली होती. माझा आवाज कोण ऐकणार? मी विचार केला, की सत्यासाठी माणसं जीव देतात. आणि मला स्वच्छ कळलं, की मी त्यांतला नाही. गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

कागद वर गेला. भावजींनी कूलींना मारलेल्या हाका ऐकू आल्या. बादली आली, मी वर आलो. ऊन डोळ्यांत घुसलं. मला वाटत होतं दिवस कलला असेल. भीमसेनच्या हातातलं लाकूड अजून दहिवराने ओलं होतं. सगळं मिळून अर्धा तास झाला नसेल.

भावजींनी माझ्या अंगावर शाल टाकली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.  

६ फेब्रुवारी, म्हैसूर

अक्काला सांगितलं. ती हुळीच्या आमटीसाठी भोपळा चिरत होती. मी बंदुकीपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं, मध्ये एकदाही तिने मान वर केली नाही. संपल्यावर भोपळा पातेल्यात टाकला, हात धुतले.

"तुला खाली ठेवून वर बसले?"

"हो."

"मीसुद्धा त्यांना ओळखत नाही म्हणायचं."

"परवा मानाजीरावांच्या घरी सभा आहे, अक्का. तीस-बत्तीस घरं. सगळे पेन्शनवाले. नागोजीराव तर शेत विकायला निघाले आहेत. मी तिथे उभा राहून बोललो तर भावजी..." वाक्य पुरं होईना. "सांग, मी काय करू?"

ती चुलीकडे वळली. "मला विचारू नकोस, व्यासा. मला विचारलंस तर मी नकोच म्हणेन. तीन पोरं आहेत माझी." मग फार हळू, "म्हणून विचारूच नकोस."

७ फेब्रुवारी

शाळेत गेलो नाही. खाणीत मरणाची भीती होती, ती निदान एका बाजूने यायची. ही चहूकडून येते. बोललो तर अक्काचं घर मोडेल. गप्प बसलो तर बत्तीस घरं.

उद्या आजारी पडता आलं तर बरं.

८ फेब्रुवारी

सुभेदार मानाजीरावांचं अंगण भरलं होतं. म्हातारी, ताठ माणसं, रुमाल बांधून, मिशांना पीळ देऊन, लग्नाला आल्यासारखी. भावजी सुरेख बोलले. बँड, क्लब, गोऱ्यांची मेजवानी, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. मग दाखला वाचला आणि माझं नाव घेतलं. लोकांनी मागे वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

मी उभा राहिलो. कोणत्या क्षणी ठरवलं ते सांगता येणार नाही. ठरवलं असं नव्हेच. पाय सरळ झाले.

"त्या दाखल्यातलं खरं नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की मानाजीराव कानामागे हात धरून म्हणाले, "काय?"

"खरं नाही. सोनं दगडात नव्हतं. बंदुकीने दगडावर मारलेलं होतं."

मानाजीरावांनी कागद हातात घेतला. "ही सही तुझी?"

"माझी."

"कुणी हात धरून करवली?"

"नाही. मीच केली."

"मग खोटा कोण, मास्तर?"

"मी. मी घाबरलो होतो."

"कुणाला?"

समोर भावजी. घामाने त्यांच्या कपाळावरच्या अक्षतेचा लाल ठिपका ओघळला होता. मी तोंड उघडलं, मिटलं. नाव काही केल्या निघेना. नऊ वर्षांचा असताना ज्यांच्या बोटाला धरून त्या घरात शिरलो, त्यांचं नाव बत्तीस लोकांसमोर कसं घ्यायचं?

"मला," भावजी म्हणाले. "मला घाबरला होता तो."

भावजींनी दाखला मानाजीरावांच्या हातातून घेतला, चार तुकडे केले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. नागोजीराव मागे धावत होते, मानाजीरावांनी त्यांना दंडाला धरून बसवलं. "कुणाचं काही गेलं नाही," ते म्हणाले. "घरी जा सगळे." माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. शाबासकीही नाही, रागही नाही.



१५ फेब्रुवारी

गेले सात दिवस माझ्या खोलीवरून अक्काच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. बोलल्यावर भीती जाईल अशी माझी समजूत होती. गेली नाही. दारातून अक्काच्या बांगड्यांचा आवाज येतो, काचेच्या, आणि मी परततो.

२० फेब्रुवारी

अक्कानेच निरोप धाडला. भावजींना शिवमोग्ग्याला एका लाकडाच्या वखारीत काम मिळालं आहे. आज निघायचं, मुलांना घेऊन अक्का महिन्याने जाणार. "सामान उचलायला ये," एवढाच निरोप.

स्टेशनवर ट्रंक मी चढवली. अक्का मुलांना घेऊन जरा लांब उभी राहिली, मुद्दाम. भावजी खिडकीशी बसले. बारा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झाले आहेत. गार्डाने शिट्टी दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्यास, त्या दिवशी वर मी रहाटाचा दांडा धरून बसलो होतो. सगळा वेळ. एकदाही हात सोडला नाही. तू सही केली नसतीस तरी तुला काढलंच असतं."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो.

"मला खालून दिसत नव्हतं, भावजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि गाडीने तो ओढून नेला.